पावसाळी जाकीट घेण्यापूर्वी

मृग नक्षत्र तोंडावर आले की माळ्यावरच्या छत्र्या खाली येतात, मोडक्या काड्या दुरुस्तीला जातात आणि शाळेच्या वह्यांना प्लॅस्टिकची कव्हरे चढतात. घरातल्या सायकलवाल्याचा विचार मात्र बहुधा शेवटी होतो. छत्री त्याच्या कामाची नाही. एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात हँडल म्हणजे अपघाताला आमंत्रण. मग तो दुकानात जातो. तिथे साध्या रेनकोटांच्या शेजारी हल्ली नव्या तऱ्हेची जाकिटे टांगलेली असतात. त्यांच्यावर दोन शब्द ठळक छापलेले दिसतात : ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘ब्रीदेबल’. पावसाचे पाणी आत येणार नाही आणि घामाची वाफ मात्र बाहेर जाईल, असा त्यांचा अर्थ. किंमत विचारली की ती साध्या रेनकोटाच्या पाचपट, कधी दहापट निघते.

एवढे पैसे मोजावेत की नाही, हा आजच्या सदराचा विषय.

कोणी म्हणेल, हा तर हौशी लोकांचा प्रश्न. आम्हाला तसे वाटत नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के घरांत सायकल असल्याची नोंद झाली आहे. हौसेने सायकल चालवणाऱ्यांपेक्षा गरजेने चालवणारे आपल्याकडे कितीतरी अधिक आहेत. पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, रात्रपाळीचा वॉचमन, कारखान्यातला कामगार, मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलवर हायस्कूल गाठणारी खेड्यातली मुलगी, या साऱ्यांना पाऊस आहे म्हणून घरी बसता येत नाही. हौशी माणूस पाऊस पाहून बेत बदलतो. यांना मात्र भर पावसात निघावे लागते आणि पोहोचल्यावर त्याच कपड्यांत दिवस काढावा लागतो. ओले कपडे तासन् तास अंगावर राहिले की जांघेत, काखेत गजकर्णाला निमित्त मिळते. म्हणून या वस्तूची निवड नीट विचार करून झाली पाहिजे.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडच्या उबदार, दमट पावसात कापडावर छापलेल्या आकड्यांपेक्षा जाकिटाला ठेवलेल्या हवेच्या वाटा, त्याची बेतणी आणि त्याचा रंग यांना जास्त महत्त्व आहे. आता त्याची कारणे पाहू.

इरल्यापासून गोरटेक्सपर्यंत

भाताच्या मुलखात लावणीला वाकलेल्या बायामाणसांच्या पाठीवर इरले असे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यात बसवलेली पाने. वरचे पाणी घसरून जाई आणि खालून, बाजूने सगळे मोकळे असल्यामुळे अंगाची वाफ कोंडत नसे. गुराखी आणि मेंढपाळ घोंगडीची खोळ घेत. लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

पुढे रबर आले. स्कॉटलंडमधील चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन पाणी न शिरणारे कापड तयार केले. इंग्रजीत रेनकोटाला त्यांचेच नाव पडले. आपल्याकडे सुरेंद्रमोहन बोस यांनी कोलकात्यात १९२० साली सुरू केलेल्या उद्योगाचे ‘डकबॅक’ रेनकोट घरोघरी पोहोचले. अशा रबरी आणि प्लॅस्टिकच्या कोटांनी पाणी चांगले अडवले. पण जे कापड पाणी आत येऊ देत नाही, ते वाफही बाहेर जाऊ देत नाही. पायी चालणाऱ्याला त्याचे फारसे काही वाटत नाही. सायकलवाल्याची गोष्ट वेगळी. पायडल मारताना शरीर जेवढी शक्ती चाकाला देते, तिच्या तिप्पट-चौपट उष्णता अंगात तयार होते. ती बाहेर टाकण्यासाठी घाम येतो. तो कोटात कोंडला की पावसातून वाचलेला माणूस घामाने भिजतो.

ही अडचण दूर करणारा शोध अमेरिकेत लागला. रॉबर्ट गोर हे टेफ्लॉनच्या जातीच्या प्लॅस्टिकवर प्रयोग करीत होते. गरम केलेली कांडी हळूहळू ताणली की ती तुटे. १९६९ साली त्यांनी ती एकदम झटक्याने ओढली, तर ती न तुटता अनेक पटींनी लांबली आणि तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडली. ही छिद्रे इतकी बारीक की पाण्याचा थेंब त्यातून जाऊ शकत नाही, पण वाफेचा कण सहज निसटतो. या पातळ पडद्यापासून बनलेल्या वस्तू १९७६ पासून बाजारात आल्या. तेच गोरटेक्स. आता इतर अनेक कंपन्यांचे पडदे निघाले आहेत. काहींना छिद्रेच नसतात. त्यांचे कापड आतला ओलावा शोषून घेते आणि बाहेरच्या बाजूला सोडते.

लेबलवरचे आकडे

चांगल्या जाकिटावर दोन आकडे असतात. पहिला मिलिमीटरमध्ये. समजा १०,००० मिलिमीटर लिहिले आहे, तर त्या कापडावर १० मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी आत झिरपू लागत नाही, असा त्याचा अर्थ. नुसत्या पावसाचा दाब याच्या मानाने फारच थोडा. पण दप्तराचे पट्टे खांद्यावर दाबतात, वाकलेल्या कोपरावर कापड ताणले जाते, तिथे दाब वाढतो. रोजच्या वापराला ५,००० ते १०,००० पुष्कळ झाले. २०,००० साठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण नाही.

दुसरा आकडा ग्रॅममध्ये. एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर जाते, ते तो सांगतो. १०,००० ग्रॅम वाचून आपण दिपून जातो. पण भागाकार करून पाहा. तासाला ते ४१६ ग्रॅम होतात. उकाड्यात जोराने सायकल मारणाऱ्या माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर घाम येऊ शकतो. शिवाय हे मोजण्याच्या पद्धती एकापेक्षा अधिक आहेत. एका कंपनीचा आकडा एका पद्धतीचा, दुसरीचा दुसऱ्या पद्धतीचा. त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

खरी मेख पुढेच आहे. वाफ आपण होऊन बाहेर जात नाही. आत वाफ जास्त आणि बाहेर कमी असेल, तरच ती कापडातून बाहेर ओढली जाते. घामेजलेल्या अंगाजवळची हवा सुमारे ३३ अंश सेल्सिअसची आणि वाफेने भरलेली धरली, तर तिच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम वाफ असते. युरोपातल्या १० अंशांच्या पावसाळी हवेत ती असते जेमतेम साडेआठ ग्रॅम. म्हणजे फरक २६ ग्रॅमहून अधिक. आपल्याकडे आषाढात २६ अंशांच्या, ९० टक्के दमट हवेत मुळातच सुमारे २२ ग्रॅम वाफ असते. फरक उरला १३ ग्रॅमचा. जाकीट तेच, माणूस तोच, पण वाफेला बाहेर ओढणारा जोर तिथल्या निम्माच.

यात आणखी एक भर पडते. बाहेरच्या कापडावर पाणी मोत्यासारखे ओघळून जावे म्हणून त्याला एक लेप दिलेला असतो. वापराने, मळाने तो झिजला की वरचे कापड भिजून चिंब होते. आतला पडदा शाबूत असतो, पाणी आत येत नसते, पण भिजलेल्या कापडातून वाफही नीट जात नाही. आतून ओले लागते आणि आपण म्हणतो, जाकीट गळते.

म्हणून इंग्लंड, हॉलंड, जर्मनीत शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींनी चांगल्या पडद्याचे जाकीट जरूर घ्यावे. तिथे वर्गात आणि कामावर सायकलने जाण्याची रीत आहे, पाऊस थंड आहे आणि भिजलेल्या अंगाला वारा लागला तर हुडहुडी भरते. तिथे त्या जाकिटाचे पैसे वसूल होतात. आपल्याकडेही महाबळेश्वरसारख्या थंड घाटमाथ्यावर त्याचा उपयोग होईल. पण नागपूर, नांदेड, ठाणे किंवा पनवेलच्या पावसात दहा हजारांच्या पुढचे जाकीट घेऊन अंग कोरडे राहील अशी आशा धरू नये.

मग काय पाहावे?

आपल्याकडे इरल्याचेच तत्त्व कामाला येते. वाफेला कापडातून जायला वाट नसेल, तर कापडाच्या बाजूने वाट करून द्यावी. काखेखाली चेन असलेले जाकीट मिळाले तर उत्तम. चढावर ती उघडावी, उतारावर लावावी. पाठीवर आडवी झडप आणि तिच्याखाली जाळी असेल तर पुढून आलेली हवा मागून निघून जाते. पुढची चेन वरून आणि खालून अशी दोन्हीकडून उघडणारी असावी. तिच्यावर कापडाची पट्टी हवी, नाहीतर पाणी दातांमधून थेट छातीवर येते.

जाकीट उलटे करून शिवणी पाहाव्यात. सुईने जिथे भोक पडले, तिथे पाणी शिरणार. म्हणून प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असली पाहिजे. पट्टी नसेल तर कापड कितीही भारी असो, ते जाकीट मुसळधार पावसाचे नाही. विंडचीटर आणि रेनकोट यांत हाच फरक. विंडचीटर वारा आणि भुरभुर अडवतो, पण त्यापलीकडे त्याची मजल जात नाही. दुकानदार दोन्ही एकाच खुंटीवर टांगतो, निवड आपण करायची.

दुकानात सरळ उभे राहून आरशात पाहू नये. हँडल धरल्यासारखे हात पुढे करून वाकावे. मनगट उघडे पडते का? पाठीमागून जाकीट वर सरकून कंबर दिसते का? सायकलसाठी बेतलेल्या जाकिटाच्या बाह्या लांब असतात, मागची बाजू सीटच्या खालपर्यंत येते आणि पुढची आखूड असते, म्हणजे पोटाशी कापडाचा बोंगा होत नाही. मागची बाजू फार लांब असेल तर ती सीटखालच्या लाल दिव्यावर येत नाही ना, तेही पाहावे. डोक्यावरच्या टोपडीचा मोह टाळावा. मान वळवली की टोपडी तशीच राहते आणि बाजूने येणारी गाडी दिसत नाही. हेल्मेटखाली पुढे झाप असलेली पातळ टोपी घालावी, डोळ्यांत पाणी येत नाही.

कापडातून वाफ जाते की नाही, हे घरी तपासता येते. पेल्यात वाफाळते पाणी घ्यावे, तोंडावर जाकिटाचे कापड ताणून धरावे आणि त्यावर स्टीलची थंड ताटली किंचित अंतरावर धरावी. ताटलीवर दव जमले तर वाफ जाते. साध्या प्लॅस्टिकच्या रेनकोटावर हाच प्रयोग केला तर ताटली कोरडी राहते. मुलांना हा प्रयोग जरूर दाखवावा, त्यांना तो विज्ञानाच्या तासाइतकाच आवडेल.

कमी खर्चात एक वस्तू फार उपयोगी पडते, ती म्हणजे सायकलची झूल. गळ्यातून घालायची, हँडलवर पसरायची आणि खालून सगळी मोकळी ठेवायची. इरल्याचीच ही बहीण. घाम कोंडत नाही, मांड्याही झाकल्या जातात. शाळा जवळ असेल आणि रस्ता शांत असेल तर ती छान. मात्र वाऱ्यात ती शिडासारखी फुगते आणि वळताना दाखवलेला हात तिच्याखाली झाकला जातो. ट्रक आणि एस.टी. धावणाऱ्या हमरस्त्यावर ती वापरू नये.

मुलींच्या पालकांना एक विनंती. पावसात ओढणी जाकिटाच्या आत घेऊन तिला गाठ मारून द्यावी. लोंबती ओढणी मागच्या चाकात गुंतली की गळ्याशी येते. पावसाळी पँट घातली तर उजव्या घोट्यापाशी ती क्लिपने किंवा रबराने आवळावी, म्हणजे चेनमध्ये अडकणार नाही. शिवाय चेनकव्हर असलेली सायकल असेल तर प्रश्नच मिटतो.

दिसणे हेच मोठे संरक्षण

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. भिजलेला माणूस कपडे बदलून कोरडा होतो. धडक बसलेल्याचे तसे नाही. जोराच्या पावसात मोटारीची काच पाण्याने धूसर झालेली असते, दिवे रस्त्यावर चमकत असतात, आणि आपला सायकलवाला काळ्या किंवा गडद निळ्या रेनकोटात असतो. मळखाऊ म्हणून घेतलेला हाच रंग वाहनचालकाला दिसत नाही. पिवळा, पोपटी किंवा नारिंगी भडक रंग दिवसा लांबून डोळ्यांत भरतो. रात्री मात्र रंगाचा उपयोग संपतो. तेव्हा दिव्याचा उजेड परत फेकणाऱ्या पट्ट्या लागतात. त्या पाठीवर आणि बाह्यांवर हव्यात, आणि घोट्यांवर असतील तर फारच चांगले. पायडलबरोबर वरखाली होणारी पट्टी पाहून, पुढे सायकलवरचा माणूस आहे, हे चालकाला चटकन कळते. जाकिटाला पट्ट्या नसतील तर त्या वेगळ्या विकत मिळतात, घरी शिवून घ्याव्यात. शिवण मात्र बाहीच्या कडेला किंवा झडपेवर घ्यावी. पाठीच्या मधोमध सुई मारली तर पाण्याला नवे भोक मिळेल. पाठीसाठी जाकिटावरून घालायचा पट्टा किंवा बनियन घ्यावे.

जाकिटावर हजारो रुपये घालून मागचा दिवा न घेणे, हा उलटा हिशोब झाला.

धुणे आणि ठेवणे

महागाचे जाकीट मातीमोल होते ते बहुधा धुण्यात. पडद्याचे जाकीट मळू द्यायचे नाही, कारण घामाचा क्षार आणि तेलकट मळ वरचा लेप मारतात. पूर्वी या लेपात फ्लोरिनची रसायने असत. ती निसर्गात वर्षानुवर्षे नष्ट होत नाहीत, म्हणून अलीकडे कंपन्या ती सोडू लागल्या आहेत. नवे लेप तेलकटपणापुढे लवकर हार मानतात, त्यामुळे धुणे अधिकच महत्त्वाचे. कोमट पाणी आणि थोडा पातळ साबण घ्यावा. कपडे मऊ करणारे द्रव आणि ब्लीच टाळावे. पुन्हा पुन्हा स्वच्छ पाण्यातून काढावे, कारण उरलेला साबण पाणी ओढून घेतो. पिळू नये, धोपटू तर मुळीच नये. सावलीत वाळवावे. वाळल्यावर मंद उष्णता दिली की पुष्कळदा लेप पुन्हा जागा होतो, पण आधी आतल्या लेबलवरची सूचना वाचावी. इस्त्री कडक झाली तर शिवणीवरच्या पट्ट्या सुटतात.

साधा रेनकोटही ओला घडी घालून ठेवू नये. बुरशी धरते, घड्यांवर चिरा पडतात. दिवाळीआधी नीट वाळवून, सैल गुंडाळून ठेवला तर पुढच्या मृगाला तो उपयोगी पडतो.

खर्चाचा क्रम

शेवटी घरच्या हिशोबाचे बोलू. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे, पण पाय आधी कुठे पसरावेत तेही ठरवावे. आमच्या मते क्रम असा असावा.

पहिला खर्च दिव्यांचा आणि चमकत्या पट्ट्यांचा. दुसरा दोन्ही चाकांच्या मडगार्डचा आणि पुढच्या मडगार्डला खाली रबराची जीभ लावण्याचा. अंगावर येणारे पाणी आणि चिखल वरून जितका येतो तितकाच खालून उडतो, आणि त्याला कुठलेही जाकीट पुरत नाही. तिसरा खर्च दप्तराच्या आत घालायच्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीचा. तिच्यात पुस्तके, डबा, एक कोरडा सदरा आणि छोटा टॉवेल. पोहोचल्यावर बदललेला कोरडा सदरा जे सुख देतो, ते दहा हजारांच्या पडद्यालाही देता येत नाही. चौथा खर्च जाकिटाचा : भडक रंग, शिवणींवर पट्ट्या, काखेत किंवा पाठीवर हवेची वाट, लांब बाह्या. एवढे असेल तर मध्यम किमतीचे जाकीट पुरेसे आहे. त्यानंतर पैसे उरले आणि हौस असेल, तर पडद्याचे भारी जाकीट खुशाल घ्यावे, आमची हरकत नाही.

वर्गात पहिल्या तासाला बसलेली मुलगी थोडी घामेजलेली असली तरी चालेल. तिच्या वह्या कोरड्या असाव्यात, अंगावर बदललेले कोरडे कपडे असावेत आणि वाटेवरच्या प्रत्येक ट्रकवाल्याला ती दुरून दिसलेली असावी. या पावसाळ्यात आपापल्या घरच्या सायकलवाल्याला एकदा समोर उभे करून, त्याच्या अंगावरच्या कोटाचा रंग आणि सायकलचा मागचा दिवा तेवढा तपासून घ्यावा.